सौनाच्या मागची पायरी

कोइवू गावच्या बर्फावरल्या हॉकीच्या मैदानावर एकोणीस वर्षं आइली राउतिओचं राज्य होतं. राज्य म्हणजे काय, तर हत्तीएवढं एक यंत्र, चार रबरी चाकांचं, आणि त्याच्यावर बसलेली सहासष्ट वर्षांची ही किरकोळ बाई. सामन्याच्या दोन मध्यंतरांत पंधरा-पंधरा मिनिटं मिळत. तेवढ्यात अख्खं मैदान खरवडायचं, वर गरम पाण्याचा हात फिरवायचा आणि भोंगा व्हायच्या आत यंत्र आत न्यायचं. घाईत एखाद्या पट्ट्यावरून यंत्र फिरायचं राहून जातं, तो पट्टा पांढुरका दिसतो आणि खेळाची चकती तिथे अडखळते. आइलीच्या हातून एकोणीस वर्षांत असा पट्टा राहिला नव्हता. बाहेरगावचे कोच सामना हरले की पंचांना शिव्या घालत, पण आइलीच्या बर्फाला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती.

बोलणं म्हणाल तर मोजून मापून. तिचा आवाज चढलेला गावात कुणी ऐकला नव्हता. चढवायला संधीही नव्हती म्हणा, कारण आवाजाचं सगळं खातं तिच्या नवऱ्याकडे होतं. आर्वो लोखंडाच्या खाणीत मोठाली यंत्रं चालवायचा. तो हसला की खाणीच्या पलीकडे ऐकू जायचं. उडी आधी मारायची आणि पाणी किती आहे ते नंतर बघायचं, असा सगळा कारभार. तोंडात कायम सिगारेट. छप्पन्नाव्या वर्षी फुप्फुसांनी हात टेकले आणि पुढची तीन वर्षं तो नाकात प्राणवायूची नळी घालून खिडकीशी बसून राहिला. त्या तीन वर्षांत आइली एकदाही रडली नाही की कुरकुरली नाही. ‘केवढी खंबीर बाई!’ असं सगळे म्हणाले आणि आपापल्या घरी गेले.

आता घरात होत्या दोन नाती, सेन्या आणि टिल्डा. एकबीज जुळ्या, सोळा वर्षांच्या. त्यांची आई कायसा डुलुथच्या इस्पितळात नर्स होती, रविवारी यायची. पोरींना कोइवूचा संघ सोडायचा नव्हता, म्हणून त्या आजीकडे राहिल्या. तिला त्या मुम्मू म्हणत. चेहरा एक, उंची एक, हनुवटीवरचा तीळसुद्धा एक. पण गावाने त्यांची वाटणी केव्हाच करून टाकली होती. सेन्या म्हणजे आर्वो. रेल्वेच्या पुलावरून तळ्यात उडी मारणारी, शिक्षकांना उलट बोलणारी, हॉकीत सगळ्यांत पुढे घुसणारी आणि दर सामन्यात शिक्षा भोगून येणारी. टिल्डा म्हणजे आइली. गोल राखणारी, वह्या नीट ठेवणारी, स्वतःची बशी स्वतः विसळणारी. जुळ्यांच्या घरात असं करावंच लागतं, नाहीतर हाक कुणाला मारायची? अडचण एवढीच की एकदा चिकटवलेली चिठ्ठी पुन्हा कुणी वाचून बघत नाही.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सकाळी नदीन प्रुइट आली. विद्यापीठाचा जुळ्यांचा अभ्यास चालला होता, त्याची ही बाई. पोरी अकरा वर्षांच्या असल्यापासून दर हिवाळ्यात यायची. दोघींना वेगवेगळ्या खोलीत बसवायची, ढीगभर प्रश्न विचारायची आणि जाताना नळीत थोडी थुंकी घ्यायची. ‘तुम्ही चटकन घाबरता का? नियम मोडायला मजा येते का?’ असे प्रश्न. यंदा त्यांत व्हेपचेही प्रश्न होते, हे आइलीला संमतीच्या कागदावरून कळलं आणि तो कागद तिने दोनदा वाचला. गेल्या महिन्यात शाळेच्या स्वच्छतागृहात तीन पोरी ई-सिगारेट ओढताना सापडल्या होत्या. तिघी पुढच्या फळीतल्या, सेन्याच्या मैत्रिणी.

“अर्ध्या तासात काही खाल्लं, प्यायलं, ओढलं?” नदीनने नळ्या काढत विचारलं. “तसं असेल तर थांबावं लागेल.”

“काल मुम्मूचा वेलदोड्याचा पाव ओढला,” सेन्या म्हणाली आणि पाच मिनिटांत नळी भरून तिने टेबलावर आपटली. “घ्या. जपून न्या, सोनं आहे.”

“मी आत्ताच संत्र्याचा रस प्यायले,” टिल्डा हळूच म्हणाली. “मी थांबते.”

ती अर्धा तास खुर्चीत नखं खात बसली. तोवर आइलीने नदीनला स्वयंपाकघरात कॉफी दिली आणि मनातलं विचारून टाकलं.

“हे व्हेपचं रक्तातून येतं का गं? यांच्या आजोबांनी स्वतःला धुरातच संपवलं.”

“काही अंशी येतं,” नदीन म्हणाली. “स्वभावाचाही हात असतो, आणि स्वभावही थोडाफार रक्तातूनच आलेला असतो. धाडसी, धोका पत्करणारी पोरं अशा गोष्टी आधी करून बघतात, हे दिसतं.”

त्याच वेळी शेगडीवरची कॉफी उतू गेली. आइली फडकं घेऊन धावली. मागे नदीन बोलतच होती, “पण नुसती तीच नाहीत हं. सतत काळजी करणारी, आतल्या आत कुढणारी पोरंही यात अडकतात. शिवाय हे सगळं हजारो पोरांचं मिळून असतं. एखादीकडे बोट दाखवून यातून काही ठरवता येत नाही.”

आइली शेगडी पुसत होती. तिला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं.

“सेन्याने काय सांगितलं तुला?”

नदीनने कप खाली ठेवला. “आइली, त्यांचे कागद बंद लिफाफ्यात जातात. आईलाही सांगत नाही मी.”

“मी आई नाही. मी तिच्या आजोबाला मरताना पाहिलंय.”

“माहीत आहे,” नदीन म्हणाली. “तरीही नाही.”

दुपारी आइली सौना तापवायला गेली. अंगणाच्या टोकाला वाफ घ्यायची लाकडाची ती खोली, आर्वोनेच बांधलेली. त्यांच्याकडे शनिवारची संध्याकाळ सौनाची. तिघींनी वाफेत बसायचं, दगडांवर पाणी टाकायचं, आणि आत असताना आवाज चढवायचा नाही, खोटं बोलायचं नाही. हा नियम आइलीच्या आजीने आणलेला. देवळात वागावं तसं वागायचं.

लाकडं मागच्या बाजूला रचलेली होती. तिथे तीन पायऱ्या होत्या आणि सगळ्यांत खालच्या पायरीची फळी निसटती होती. आइली वाकली, आणि जुन्या सवयीने तिचा हात फळीखाली गेला. बोटांना काहीतरी लागलं. अंगठ्याएवढी हिरवी डबी, नाकाशी नेली तर आंब्याचा वास. झाडाला लागलेला आंबा ज्या गावात कुणी बघितलेला नाही, त्या गावात आंब्याच्या वासाचं विष पोरींच्या खिशात! आइलीच्या डोळ्यांपुढे खिडकीशी बसलेला आर्वो आला, त्याची नळी, त्याचे निळे पडलेले ओठ. नाव तिच्या मनात आधीच तयार होतं.

संध्याकाळी तिघी वाफेत बसल्या. गुरुवारी विभागाचा अंतिम सामना होता. जिंकलं तर सेंट पॉलला राज्याच्या स्पर्धेत जायचं, हरलं तर हंगाम संपला. सेन्या त्याबद्दलच बडबडत होती. आइलीने टॉवेलातून ती डबी काढून फळकुटावर ठेवली.

“सेन्या, हे तुझं आहे.”

 सेन्याने डबीकडे बघितलं, मग बहिणीकडे. टिल्डा पाण्याच्या बादलीत बघत होती.

“किती दिवस चाललंय? तुझा आजोबा कसा गेला ते ठाऊक आहे ना? त्याचंच रक्त आहे तुझ्यात. मला पहिल्यापासून दिसत होतं, पहिल्यापासून!” आइलीचा आवाज चढला. त्या खोलीत पहिल्यांदाच. दगड चर्रचर्र करत राहिले.

सेन्याने पळीभर पाणी दगडांवर ओतलं. वाफेत तिचा चेहरा दिसेनासा झाला.

“तू म्हणतेस तर माझं,” ती म्हणाली आणि दार उघडून बर्फात निघून गेली.

आइली रविवारभर घरात येरझाऱ्या घालत होती. मैदानावर नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने सही केलेली असे की खेळाडूकडे अशी वस्तू सापडली तर शाळेच्या क्रीडाप्रमुखाला कळवायचं. शिक्षा दोन सामन्यांची. पण खरं सांगायचं तर सहीपेक्षा भीती मोठी होती. आर्वोच्या वेळी ती मूग गिळून बसली होती. सामना गेला तर जाऊ दे, पोर जायला नको, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. कायसानेही मान डोलावली, “सेन्याच असणार.” सोमवारी सकाळी आइलीने डबी क्रीडाप्रमुख डेल स्कुबिकच्या टेबलावर ठेवली आणि नातीचं नाव सांगितलं. स्कुबिकने सेन्याला बोलावलं. ती म्हणे टेबलावर बसून राहिली आणि “मुम्मूने सांगितलंय ना, मग लिहा” एवढंच म्हणाली. गावभर बोभाटा झाला. पेट्रोल पंपावर लोक आइलीशी नेहमीपेक्षा हळू बोलू लागले. घरात सेन्या तिच्याशी बोलत नव्हती. टिल्डा दोघींशी बोलत नव्हती, पण तिचं ते नेहमीचंच, असं आइलीने धरलं.

गुरुवारी संध्याकाळी सहापासून मैदान तुडुंब भरलं. सेन्या घरचे कपडे घालून सगळ्यांत वरच्या बाकावर एकटी बसली होती. पहिल्या डावात टिल्डाने एक साधा फटका सोडला. दुसऱ्या डावात आणखी एक, पायांमधून, जो तिने झोपेतही अडवला असता. कोइवूच्या पोरींनी कसेबसे दोन गोल फेडले आणि दुसऱ्या मध्यंतराला दोन-दोन अशी बरोबरी होती. आइलीने काचेतून नातीला बघितलं. टिल्डा खांबाला धरून उभी होती आणि तिचा हातमोजा थरथरत होता.

आइलीने यंत्र सुरू केलं. ती वर चढणार, तेवढ्यात यंत्रघरात स्केटचा आवाज आला. टिल्डा सगळ्या चिलखतानिशी दारात उभी होती. मुखवटा डोक्यावर सरकवलेला, चेहरा पांढराफटक, घामाने थबथबलेला.

“मुम्मू, ते माझं होतं.”

“काय?”

“ती डबी. पायरीखालची. माझी होती.”

यंत्र धडधडत होतं. आइलीने ते बंद केलं. घड्याळात तेरा मिनिटं उरली होती.

“तू? तू कशाला...”

“मला झोप लागत नाही. आठवीपासून, आई डुलुथला गेली तेव्हापासून. सामन्याआधी छातीत असं होतं की श्वासच येत नाही. ते ओढलं की दहा मिनिटं बरं वाटायचं. मग पाच मिनिटं. आता नुसतं न ओढल्याचा त्रास होतो. शनिवारपासून ओढलं नाहीये, हे बघ माझे हात.” तिने मोजा काढून हात पुढे केला. “सेन्या म्हणाली, तू गोलात नसलीस तर आपण मेलो, मी नसले तर चालेल. तिनेच मला गप्प बसवलं. मी बसले. वर बघ तिच्याकडे. मला नाही सहन होत आता.”

 आइलीच्या तोंडून भलतंच निघालं. “पण आजोबांचं रक्त तर तिच्यात...”

“आम्ही एकच आहोत, मुम्मू!” टिल्डा ओरडली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. “तिच्यात जे आहे ते सगळं माझ्यात आहे. डॉक्टरांनी जन्मल्यावरच सांगितलंय, दरवर्षी ती बाई थुंकी घेऊन जाते, तरी तुम्हां सगळ्यांना ते कसं कळत नाही?”

संत्र्याच्या रसाची बाटली आइलीला आत्ता आठवली. शनिवारी दुपारी जेवताना तिने स्वतः ती फोडली होती. सकाळी ती बंद होती; टिल्डा थांबली होती ती रसासाठी नव्हे. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि तिने डोळे दुसरीकडे लावले होते.

अकरा मिनिटं. सामना बरोबरीत होता. राखीव गोलकीपर नववीतली एक पोर, हंगामात एकदाही उतरलेली नव्हती. आइलीने तोंड उघडलं नसतं तर कुणाला काही कळलं नसतं. सामना संपल्यावरही सांगता आलं असतं. हा विचार तिच्या मनात आला, हे तिने पुढे कबूल केलं.

“स्कुबिक काचेजवळ उभा आहे,” ती म्हणाली. “मी येऊ का?”

“नको. तू बर्फ कर.”

टिल्डा रबरी पट्टीवरून डुलत डुलत गेली. आइली यंत्रावर चढली आणि बर्फावर आली. अख्खं गाव बघत होतं. वळणावळणावर तिला काचेपलीकडे ती दोघं दिसत होती. टिल्डा बोलतेय, स्कुबिक कपाळाला हात लावतोय, कोच धावत आली, टिल्डाने मुखवटा काढून तिच्या हातात दिला. वरच्या बाकावर सेन्या उठून उभी राहिली होती आणि दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होती. आइलीला समोरचं नीट दिसेना, कारण एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती यंत्रावर बसून रडत होती. ती आत आली तेव्हा मैदानाच्या मधोमध हातभर रुंदीचा पांढुरका पट्टा राहिला होता. भोंगा झाला.

सेन्याची शिक्षा रद्द झाली, पण ती कपडे बदलून उतरेपर्यंत निम्मा डाव संपला होता. सामना पाच-दोन असा गेला. नववीतल्या पोरीला कुणी दोष दिला नाही. पट्ट्यावर मात्र चकती दोनदा अडखळली, आणि दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्याने आइलीला ऐकवलंच, “काय आइली, झाडलोट अर्धवट राहिली म्हणे काल?”

सामन्यानंतर सेन्या यंत्रघरात आली आणि उपड्या बादलीवर बसली.

“तू गप्प का राहिलीस?” आइलीने विचारलं. “नाही म्हणायचं होतंस. एक शब्द.”

“तू विचारलंस कुठे मुम्मू? तू सांगितलंस.” सेन्याने स्केटची नाडी ओढली. “आणि मी नाही म्हटलं असतं तर तुला खरं वाटलं असतं?”

आइलीला खोटं बोलता आलं असतं, सौनात नव्हती ती. पण ती म्हणाली, “नाही.”

“मग झालं तर.” सेन्याचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला राग येत होता. “टेबलावर बसून त्या स्कुबिकला मी ऐकवत होते ना, तेव्हा मला वाटत होतं, आता मुम्मू येईल आणि म्हणेल, थांबा. मी दाराकडेच बघत होते.”

आइली तिच्याजवळ गेली. तिला कुशीत घ्यावं असं वाटलं, पण सेन्याने अंग आखडून घेतलं, तेव्हा ती नुसती बादलीशेजारी जमिनीवर बसली. हत्तीएवढं यंत्र थंड होत कुरकुरत होतं. 

शनिवारी आइलीने सौना तापवला, पण पोरींना हाक मारायला तिची जीभ रेटेना. त्या आपणहून आल्या. आधी टिल्डा, मग सेन्या, मधे थोडी जागा सोडून. शुक्रवारी टिल्डा शाळेच्या नर्सकडे जाऊन आली होती आणि सोमवारी पुन्हा जाणार होती. हात अजून थरथरत होते.  आइलीने दगडांवर पाणी टाकलं आणि वाफ खाली उतरायची वाट बघितली.

“मुम्मू,” टिल्डा म्हणाली, “एक विचारू? ती पायरी निसटती आहे हे सेन्यालाही ठाऊक नव्हतं. तुला कसं कळलं तिथे हात घालायचा?”

आइलीचा हात पळीवर थांबला. इथे खोटं बोलायचं नव्हतं, आणि आर्वो गेल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं.

“तिथे माझा पत्र्याचा डबा असायचा,” ती म्हणाली. “सिगारेटचा. तुमच्या आजोबाच्या नाकात नळी होती ना, ती तीन वर्षं. तो झोपला की मी मागे जाऊन ओढायची. मग बर्फाने दात घासायची आणि परत त्याच्याजवळ येऊन बसायची. तो गेला त्या दुपारीही मी पायरीवरच होते.”

टिल्डाने तिच्या हातातली पळी काढून बादलीत ठेवली.

“सगळे म्हणायचे, आइली किती खंबीर,” ती म्हणाली. “कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तुझी डबी हाताला लागली, टिल्डा, तेव्हा ती माझ्याच जागेवर होती, आणि तरी मी सेन्याचं नाव घेतलं. डबी सेन्याची असती तर ती खुशाल टेबलावर ठेवून विसरली असती.”

“खरंय,” सेन्या म्हणाली. 

 टिल्डाने आपला थरथरता हात आजीच्या हातावर ठेवला, आणि मग त्या दोघींच्या लक्षात आलं की आजीचाही हात थरथरतो आहे. सेन्या मधली जागा ओलांडून सरकली आणि दोघींना चिकटून बसली.